तिसरा रकाना

रिपोर्ट आणायला घरचे तिलाच पिटाळायचे. कॉलेज सोडलेल्या पोरीला दुसरा उद्योग काय! दादाच्या अंगात रक्तच तयार होईना, तेव्हा तिच्या कमरेच्या हाडातून सुईने बोनमॅरो ओढून त्याला दिला. त्या दिवशी मात्र तिचं शिक्षण कुणी काढलं नव्हतं.

दुपारी तिने लॅबच्या खिडकीतून पाकीट घेतलं. दादाच्या रक्तात कुणाच्या पेशी किती, एवढंच त्यात असायचं. रकाने दोन. आज तीन होते. तिच्या एक्क्याण्णव टक्के, दादाच्या सहा. तीन टक्के भलत्याच कुणाच्या.

"याआधी कुणाचा बोनमॅरो दिला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो," आई फरशीला म्हणाली.

"आई."

"...तुझ्याआधी एक होती. तुझी ताई. दादा लहान असताना तिचाच दिला. लागू पडला. ती दोन महिन्यांत तापाने गेली."

"आणि मला पत्ता नाही!"

"मोठ्यांच्या गोष्टी असतात त्या," बाबा म्हणाले.

"पाच वर्षांची तरी होती का ती?"

"पाचच," आई म्हणाली.

जुन्या पेशी कधी कधी मागे राहतात, औषधाने जातील, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या नाहीत. आठवड्याने एकोणीस टक्के, मग चव्वेचाळीस. नुसत्या जागा अडवून बसलेल्या, काम शून्य. दादा पांढराफटक पडला.

त्याच्या खोलीला दोन दारं. मास्क, गाऊन, धुतलेले हात, त्याशिवाय आत कुणी नाही. ती काचेबाहेरून फोनवर बोलायची.

"त्या छोटीला आत का सोडतात गं?" एकदा तो म्हणाला. "पायाशी बसते. हात लावत नाही... नुसतं विचारते, फार दुखेल का?"

काचेतून तिला पायाशी फक्त चादर दिसत होती. घट्ट ताणलेली.

पुन्हा बोनमॅरो द्यावा लागणार होता, नाहीतर दादा जात होता. तिचं रक्त तपासायला गेलं. यावेळी रकाना एकच हवा होता. आले दोन. सत्त्याण्णव टक्के ती. तीन टक्के...

तिला आयुष्यात कुणाचं काही चढवलं नव्हतं.

"तीनच ना? मग काढा हिचा बोनमॅरो," बाबा म्हणाले. आईने मान हलवली. तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

डॉक्टर कागदात डोकं घालून होते. नजर न उचलता हळूच म्हणाले, "नाही गं बाळा, फार नाही दुखणार."

तिने काहीच विचारलं नव्हतं.