गोष्ट पूर्ण होईपर्यंत

मुलांनो, एक जीप डोळ्यांसमोर आणा बरं. अक्कलकुव्याहून मोलगीला निघालेली. जागा दहा जणांची, आत माणसं सतरा, शिवाय दोन कोंबड्या, आणि टपावर सिमेंटचे पत्रे. मार्चचं ऊन आहे. वळणावळणाला मोहाच्या फुलांचा गोड वास आत शिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ धूळ.

आता मधल्या सीटवर पाहा. खिडकीशी एक मुलगी बसली आहे. ओढणी अशी गुंडाळलीय की फक्त डोळे दिसतात. तिच्या शेजारी एक तरुण. मांडीवरची काळी बॅग त्याने तान्ह्या बाळासारखी धरली आहे.

दिसली दोघं? त्यांची ओळख नाही. निदान त्याला तरी तसं वाटतंय.

घाट सुरू होण्याआधी त्याला कार्यालयातून फोन आला. "हां, लोटनभाऊ... जीपमा बठेल शे. पोचसू आते." मग आवाज जरा खाली आणून, "कोनी तरी मुद्दाम करी ऱ्हायनं. ती मॅडमच व्हई. माले पक्का डाऊट शे!"

डोंगरातल्या जीपमध्ये आपली अहिराणी कोणाला कळणार, असं त्याला वाटलं. पण शेजारची मुलगी शहाद्याला पाच वर्षं शिकली होती. आणि 'ती मॅडम' म्हणजे तीच होती. तिचं नाव रविना. मोलगीजवळच्या एका निवासी शाळेत ती संगणक शिकवायची. हा आवाज तिने फोनवर एकदा ऐकला होता, म्हणून ऐकताक्षणी ओळखला. शहाद्याच्या मुख्य कार्यालयातला भूपेश.

तिने ओढणी आणखी घट्ट केली.

"साहेब, शाळेत उतरणार ना?" चालक करमसिंगने आरशातून विचारलं.

"हो. तिथल्या संगणकाच्या मॅडमना ओळखता?"

करमसिंगने आरशात रविनाकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली... नको.

"ओळखतो ना," करमसिंग मिशीत हसला. "चांगली आहे. पण रागीट."

शाळेच्या फाटकाशी दोघंही उतरली. "तुम्हीही इथेच?" भूपेशने विचारलं.

तिने ओढणी सोडली, झटकली आणि म्हणाली, "आधी चहा घेणार, सर? का आधी पक्का डाऊट बघणार?"

भूपेशचे कान लाल झाले. ऊन होतं म्हणा... पण ऊन काही फक्त कानांवर पडत नाही.

*

आता अडचण काय होती ते सांगतो. सोपी आहे.

शाळेच्या संगणक खोलीत वीस संगणक होते आणि कोपऱ्यात एक मोठा, सर्व्हर. संगणकांना अधूनमधून नवी दुरुस्ती लागते, तिला अपडेट म्हणतात. डोंगरात इंटरनेट बारीक. वीस जणांनी वेगवेगळं आणायचं म्हटलं तर महिना जाईल. म्हणून सर्व्हर एकदाच सगळं आणून ठेवतो. बाकीचे वीस रोज त्याला विचारतात, माझ्यासाठी काही आलंय का? तो ज्याचं त्याला देतो.

गेले एकोणीस दिवस वीसही जण विचारत होते आणि सर्व्हर गप्प होता.

शहाद्याच्या साहेबांना वाटलं, कोणी तरी हे मुद्दाम केलंय. मॅडमनेच मागे तक्रार केली होती ना, की तुमचे अपडेट मुलांचा वेळ खातात? भूपेशने अहवालात 'मुद्दाम' एवढा एक शब्द जरी लिहिला, तरी होळीनंतर वीसही संगणक उचलून शहाद्याच्या शाळेत जाणार होते. आणि एप्रिलमध्ये संपणारा रविनाचा करार पुढे वाढणार नव्हता. तिला हे माहीत होतं. माहीत असल्याचं त्यालाही माहीत होतं. म्हणून एक जण खुर्चीवर बसला आणि दुसरी त्याच्या मागे उभी राहिली — पहारेकऱ्यासारखी.

"तुम्ही बसा ना," भूपेश म्हणाला.

"उभं राहून चांगलं दिसतं."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमचा माझ्यावर आहे?"

तो कामाला लागला. सर्व्हर चालू होता. अपडेट वाटणारा त्यातला प्रोग्रामही चालू होता. सात नंबरच्या संगणकावरून त्याने सर्व्हरला हाक मारली, तर लगेच ओ आली. म्हणजे तारा ठीक होत्या. संगणकांमध्ये सर्व्हरचा पत्ता तपासला. एकेक अक्षर बरोबर.

"पत्ता मीच लिहिलाय," रविना मागून म्हणाली. "चूक सापडत नाहीये म्हणून वाईट वाटतंय का?"

"मॅडम, मी चूक शोधतोय. माणूस नाही."

"जीपमध्ये तर माणूस सापडला होता."

भूपेशने मान खाली घातली... पण हसू लपलं नाही. तिने ते पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

मग त्याने एक छान गोष्ट केली. अपडेटचं पान त्याने सर्व्हरवरच उघडलं. झटकन उघडलं. तेच पान सात नंबरवरून उघडलं... चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी कोरा पडदा. काय अर्थ झाला? घरात माणूस आहे, जागा आहे, बोलतोय. पण बाहेरून येणाऱ्याला दार बंद आहे. सर्व्हरला अशी हजारो दारं असतात, प्रत्येकाला नंबर असतो. अपडेटचं दार आठ हजार पाचशे तीस. कोणतं दार उघडं आणि कोणतं बंद, हे ठरवणारा एक राखणदार आत बसलेला असतो.

"राखणदाराची यादी मी पाहिली होती," रविना म्हणाली. "आठ हजार पाचशे तीसला परवानगी आहे."

"परवानगी आहे. पण त्याच दाराला कोणी बंदीही घातली असेल, तर राखणदार बंदीचंच ऐकतो." त्याने तीनशे ओळींच्या यादीतून फक्त बंदीच्या ओळी वेगळ्या काढल्या. सगळ्यांत वर एक ओळ आली. बाकीच्या नियमांची नावं इंग्रजीत होती. या नियमाचं नाव मराठीत होतं.

'गोष्ट पूर्ण होईपर्यंत.'

भूपेश वळला. रविनाचा चेहरा पाहिला. तिने तो नियम पहिल्यांदाच पाहिला होता, हे त्याला कळलं. पण तो कोणी लिहिला हे तिला ठाऊक आहे, हेही कळलं.

"कोणी केलं, मॅडम?"

बाहेर पोरी हातपंपावर बादल्या भरत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"मी," ती म्हणाली. "मीच केलं. लिहा तुमच्या अहवालात."

*

भूपेशने सर्व्हरची नोंदवही उघडली. यंत्रं सगळं लिहून ठेवतात, मुलांनो, आणि कोणाची भीड धरत नाहीत. बंदीचा नियम एकोणीस दिवसांपूर्वी केला होता. दुपारी चार वाजून बारा मिनिटं. रविनाच्या नावाने.

"बघा," ती म्हणाली. "माझंच नाव आहे."

"हो. नाव तुमचंच आहे." त्याने खिशातून फोन काढला, बोटाने वर-खाली केलं आणि तिच्यासमोर धरला. "त्याच दिवशी चार वाजून तीन मिनिटांनी मी तुम्हाला फोन केला होता. सोळा मिनिटं बोललो. तुम्ही मागच्या टेकडीवर होता — खाली फोन लागत नाही म्हणालात. वारा ऐकू येत होता. मग चार-बाराला इथे कोण बसलं होतं?"

"असल्या फोनच्या नोंदी... जपून ठेवता तुम्ही?" तिने संशयाने विचारलं.

"सगळे नाही." तो फोनकडेच बघत म्हणाला. "पंधरा मिनिटं तुम्ही मला रागावत होता. मुलांचं लिहिलेलं जातं, यंत्रं मध्येच बंद होतात. आणि शेवटच्या मिनिटाला विचारलंत, तिकडे ऊन फार आहे का? ...एवढं रागावून मग असं कोणी विचारत नाही."

ती भराभर म्हणाली, "विषय बदलू नका. तुम्हाला नाव हवंय. अहवालात घालायला. मी नाही देणार."

"मी देते."

दारात ममता उभी होती. आठवीतली. हातातल्या बादलीतून पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं.

"ममता, तू जा —"

"नाही बाई. मी केलं." तिने बादली खाली ठेवली. "बाई टेकडीवर गेल्या होत्या. सर्व्हरचा पडदा उघडा होता. दार कसं बंद करायचं ते बाईंनीच शिकवलं होतं, पण... असं करायला नव्हतं शिकवलं. गोष्ट लिहून झाली की मी उघडणार होते. पण सर्व्हर गप्प झाल्यापासून बाई पडद्याला कुलूप लावूनच जातात."

"कसली गोष्ट?" भूपेशने विचारलं.

"मी लिहिते. सात नंबरवर. होळीला घरी जाताना कागदावर काढून न्यायची आहे. तीनदा अर्धं पान गेलं, सर. मी लिहीत असते आणि तो आपला म्हणतो, अपडेट झालं, आता बंद होतो. आणि होतोच!"

"किती वाजता?"

"दर वेळी साडेचारला."

भूपेश एकदम सर्व्हरकडे वळला. रविनाने ते टिपलं. हा असा का वळला?

त्याने सर्व्हरवरचं वेळापत्रक उघडलं. अपडेट झालेल्या संगणकांनी बंद होऊन पुन्हा चालू व्हायची वेळ साडेचार. ती वेळ त्याने स्वतः लावली होती, शहाद्यात बसून. तो सपाटीवरच्या कळसाडी गावचा. तिथे शाळा सुटली की दहा मिनिटांत पोरं उसातून, कपाशीतून आपापल्या घरी. साडेचारला शाळेत कोण असतं? पण इथली पोरं घरी जात नाहीत. ती इथेच राहतात. आणि साडेचार ते सहा ही त्यांची स्वतःची वेळ असते. रविनाने फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तो काय म्हणाला होता? मुलांना सेव्ह करायला शिकवा.

त्याने अहवालाचा कागद पुढे ओढला आणि लिहायला लागला. डावा हात आडवा धरून.

"दाखवा," रविना म्हणाली.

"लिहून होऊ द्या."

"आत्ता दाखवा. झाकून काय लिहिताय?"

त्याने हात काढला. तिने वाकून वाचलं. 'बिघाडाचं कारण : संगणक बंद होण्याची वेळ मुख्य कार्यालयाने चुकीची लावली होती. त्यात मुलांचं लेखन नष्ट होत होतं. ते वाचवण्यासाठी शाळेत एक दार बंद करण्यात आलं. मॅडमने याबाबत आधीच कळवलं होतं. दुर्लक्ष झालं. संगणक इथेच राहावेत. चूक माझी.' खाली सही. भूपेश.

मोहाचा वास आत आला होता. का आधीपासूनच होता आणि तिच्या आता लक्षात आला, कोण जाणे.

"साहेब तुम्हाला बोलतील," ती हळू म्हणाली.

"बोलू देत. पंधरा मिनिटं ऐकून घ्यायची सवय आहे."

मग त्याने खुर्ची सोडली आणि ममताला बसवलं. "बंदी तू घातलीस, तूच काढ." ममताने नियम खोडला. भूपेशने साडेचार पुसून तिथे रात्रीचे दोन लिहिले. आणि तिघं सर्व्हरच्या यादीकडे बघत बसली. आधी चार नंबर हिरवा झाला. मग अकरा. मग एकदम तिघं. पोरी हजेरी देतात तसे, एकेक करून, वीसही जण.

"बोलायला लागले," रविना म्हणाली. हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

ममता उठून सात नंबरवर गेली आणि तिची गोष्ट उघडून बसली. पण तिचे कान कुठे होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"शेवटची जीप पाचची ना?" भूपेशने बॅगचा पट्टा ओढला.

"पाचची."

"म्हणजे... काम झालं."

"झालं की."

"एकच डाऊट राहिला," तो म्हणाला. "ऊन का विचारलं होतंत?"

रविना उंदीर उगीच इकडून तिकडे सरकवत राहिली. संगणकाचा उंदीर हं. "फोन ठेवायचा नव्हता म्हणून," ती म्हणाली, इतकं हळू की त्याला पुढे वाकावं लागलं. "आता माझा डाऊट. सोळा मिनिटांचा फोन एकोणीस दिवस जपून का ठेवला होतात?"

"कारण..." त्याने तोंड उघडलं.

बाहेर करमसिंगने हॉर्न दिला. लांबलचक. भूपेशने बॅग खांद्याला लावली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. "कारण म्हणजे... मॅडम... रविना —"

पुन्हा हॉर्न.

सात नंबरची खुर्ची करकरली. ममता उठली होती. ती दारातून बाहेर गेली, अंगण ओलांडून थेट जीपपाशी.

"मामा, सर नाही येत. तुम्ही निघा."

"कोण म्हणालं?"

"काम पूर्ण नाही झालं अजून. वीरसिंग सरांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. उद्या सकाळी न्या."

करमसिंगने संगणक खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. आत दोघं उभी होती, मध्ये एक बॅग. तो मिशीत हसला आणि त्याने गिअर टाकला.

खोलीत जीपचा आवाज ऐकू आला... दूर गेला... वळणामागे नाहीसा झाला. "गेली?" भूपेश खिडकीकडे धावला. "माझ्याशिवाय?" मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला वाटलं, यानेच सांगितलं असेल. त्याला वाटलं, हिनेच. आणि मग, दोघांनाही एकाच क्षणी दुसराच संशय आला, आणि दोघांनी एकदम मान वळवली.

ममता कधीच परत येऊन सात नंबरवर बसली होती. तिने आधी सेव्हचं बटण दाबलं. मग कोणाकडेही न बघता पुढचं वाक्य लिहायला घेतलं.