उलांडीचं अंतर

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्याचं शटर उत्तरानं अर्ध्यावर उचललं आणि ते तिथंच अडकलं. बाबा गेल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं.

"डाव्या बाजूला लाथ मारा. काका तसंच करायचे."

शेजारच्या गाळ्याच्या दारात एक तरुण उभा होता, केसांत फायबरची पांढरी धूळ. तिनं लाथ मारली. शटर वर गेलं.

आत बाबांची होडी. लांब, अरुंद, शेजारी दोन आडव्या दांड्यांनी जोडलेली उलांडी... होडी कलंडू नये म्हणून मालवणात लावतात तो ओंडका. मागे इवलंसं इंजिन. महिनाअखेर गाळा सोडायचा होता. भंगारवाला तिच्या होकारासाठी थांबला होता.

"भंगारात नका देऊ," तो म्हणाला. "मी यज्ञेश. होड्यांची डिझाइनं करतो. ही चालेल... फक्त उलांडी फार जवळ आहे. होडीची लाट तिच्यावर आपटणार, आणि एवढ्याशा इंजिनाचा दम त्यातच जाणार. दांडे लांब हवेत."

"म्हणजे बाबांचं माप चुकलं?"

"हो."

बाबा गेल्यावर सगळे त्यांच्याबद्दल हळू आवाजात, गोडच बोलत होते. हा सरळ चूक काढत होता.

"होडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, नंतरही येत राहिली. तो कटिंग चहा घेऊन यायचा, ती भांडायची. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"काका एवढे जाणकार," तो एकदा म्हणाला, "मग असं का केलं असेल गं?"

त्या संध्याकाळी तिनं होडीच्या पलीकडच्या कडेपासून उलांडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुतळी ताणून रुंदी घेतली. निघताना सहज ती सुतळी शटरखाली दारात आडवी धरली... आणि थबकली.

"यज्ञेश, अरे, दारातून निघेल एवढीच केलीय त्यांनी."

ती हसली. हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. यज्ञेशनं आपलं ग्राइंडर बंद केलं.

"सोडव दांडे," डोळे पुसत ती म्हणाली. "बाहेर नेऊन लांब लाव."

मनोरीच्या खाडीत सकाळी पाणी निवांत होतं. नव्या दांड्यांवर उलांडी पाण्याला जेमतेम टेकत होती. होडी सरळ, हलकी चालली.

"बाबा म्हणायचे, पाणी खोटा बोलणा नाय."

"मग मीही खरं बोलू?" इंजिनाशी बसलेला यज्ञेश पाण्याकडे बघत म्हणाला. "तू गाळा सोडलास तर... मला करमणार नाही."

उत्तरा पुढे बघत राहिली. कान मात्र तापले.

"जवळ येऊन बसू?" त्यानं विचारलं.

"इथं नको. कलंडेल." मग हळूच, "किनाऱ्याला लागल्यावर ये."

त्यानं इंजिनाचा कान पिळला. आवाज तेवढा वाढला, वेग नाही.

"काकांनी इतकं लहान इंजिन का घेतलं कुणास ठाऊक."

"घेतलं असेल मुद्दामच, हळू जायला," ती म्हणाली, आणि हात पाण्यात सोडून बसली.