उन्हाळ्यातही या

धुकं इतकं दाट होतं, की माणूस आधी ऐकू आला आणि मग दिसला.

"हितनं खाली जायची वाट कुठली, बाई?"

राही दचकली. साताऱ्याच्या डोंगरावर वनखात्यानं राखलेलं ते रान तिच्या पायाखालचं होतं. गावातल्या प्राथमिक शाळेत ती शिकवायची, आणि रविवार उजाडला की इकडं यायची... बारा महिने. पण त्र्याहत्तर सालच्या भाद्रपदातल्या त्या सकाळी समोर एक उंचापुरा तरुण उभा होता, आणि त्याच्या बाहीला तेरड्याच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"वाटेवरच उभे आहात की तुम्ही."

"व्हय का? मग हुबाच ऱ्हातो जरा."

तिला हसू आवरलं नाही.

त्याचं नाव जालिंदर. लोणंदचा. फौजेतून सुटून आलेला, आता भावाच्या सायकल दुकानात बसायचा. पुढच्या रविवारी तो एस.टी.नं पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. सोनकीनं उतार पिवळाधमक झाला होता. उतरताना मात्र तो हटकून मागं राहायचा.

"काय झालं?"

"बुटात खडा गेला."

"तुमच्या बुटात दर रविवारी खडा जातो!"

"तुमी थांबता न्हवं... त्येला ठावं हाय."

फुलं सरत आली, तेव्हा एकदा तो चालता चालता थांबला. "राहीबाई, मला हितं... तुमच्यासंगं... लय बरं वाटतं. जन्मभर वाटंल."

राहीला हो म्हणावंसं वाटलं. पण डोळ्यांपुढं आली ती भामा, तिची थोरली बहीण. हौसेनं करून नेलं होतं तिला नवऱ्यानं. अंगावर कोडाचे डाग उठले, आणि दोन वर्षांत माहेरी आणून सोडली. तेव्हापासून भामा राहीजवळच असे.

"फुलं असताना डोंगर कुणालाही आवडतो," राही हळूच म्हणाली. "उन्हाळ्यातही या. मग बोलू."

तो आला. पौषातल्या बोचऱ्या वाऱ्यात आला, पांगारा फुलला तेव्हा आला. आणि चैत्रात, गवत जळून डोंगर उघडा पडला होता, तेव्हाही आला. त्याच दिवशी मुरमावरून त्याचा पाय घसरला. विजार वर सरकली... गुडघ्याखाली लाकडी पाय होता.

"एकाहत्तरच्या लढाईत गेला," तो मान खाली घालून म्हणाला.

"आणि मला इतके दिवस..."

"सांगणार हुतो. भ्यालो."

तिनं हात देऊन त्याला उठवलं. दोघं डोंगर उतरून स्टँडवर आली. एस.टी. लागली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता मी यायचो न्हाई. तुमी मोकळ्या हाय."

घरी येऊन राही ढसाढसा रडली. भामा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"राग कशाचा आला तुला? पाय न्हाई त्येचा, का सांगितलं न्हाई त्येचा?"

"सांगितलं नाही त्याचा."

"मग जा, आन् सांग तसं त्येला. न्हाईतर त्यो जन्मभर पयलंच धरून बसंल."

पुढच्या रविवारी राहीनं लोणंदची गाडी धरली. जालिंदर घरापुढच्या कट्ट्यावर बसला होता. पाय काढून बाजूला ठेवलेला, गुडघ्याला तेल चोळत होता. ती दिसताच त्यानं घाईनं घोंगडं ओढलं.

"झाकू नका," राही म्हणाली. "मला राग आला होता. पायाचा नव्हे... लपवल्याचा. अजून आहे थोडा."

"आता न्हाई लपवायचो." त्यानं घोंगडं बाजूला सारलं.

आवाज ऐकून त्याची आई, येसूबाई, बाहेर आली. "कोण गं पोरी तू?"

"साताऱ्याला शाळेत शिकवते. तुमच्या घरी मागणी घालायला आलेय."

"कुणासाठनं?"

"माझ्यासाठीच."

येसूबाईनं लेकाकडं पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण नजर राहीवरून हलत नव्हती.

"आन् तुज्यासंगं थोरलं मानूस कोन?"

"बहीण आलीय. स्टँडवर थांबलीय. अंगावर डाग आहेत ना तिच्या... शुभकामाला कुणाच्या दारात यायला कचरते."

येसूबाईनं डोईवर पदर घेतला आणि वहाणा पायात सरकवल्या.

"जालिंदरा, पाय बांध. पावनी उनात हुबी हाय. आपुन तिघं जाऊन घिऊन येऊ."