शालीवरची टिकली

कापडणिसांच्या घरात एकूण चारशे बारा वस्तू होत्या. चमचे, उशा, नेलकटर, देवघरातलं निरांजन, सगळं धरून चारशे बारा. हेमांगीबाईंना हा आकडा तोंडपाठ होता आणि कुणी विचारलं नाही तरी त्या तो सांगत. एके काळी याच घरात रिकाम्या बरण्यांनी एक अख्खं कपाट अडवलं होतं, आणि त्या कपाटावरून नवरा-बायकोचं महिन्यातून एकदा तरी कडाक्याचं वाजायचं. "लागेल कधीतरी," हे हेमांगीबाईंचं म्हणणं. "कधी?" हे तुषाररावांचं. त्या "कधी"चं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर सगळ्यांची घरं भरत होती.

ते उत्तर टिकलीने दिलं.

सन २०६१. नाशिकमध्ये टिकल्या नसलेलं घर शोधून सापडणार नाही. कंपनीने तिला भलंमोठं शास्त्रीय नाव दिलं होतं, पण बायका पहिल्या दिवसापासून टिकली म्हणू लागल्या आणि कंपनीने मुकाट्याने तेच नाव खोक्यावर छापलं. कपाळावरच्या टिकलीएवढीच ती. वस्तूला चिकटवायची की काम झालं. वस्तू कधी उचलली, किती वेळ धरली, पकड घट्ट होती की सैल, हाताला ऊब किती होती, हे सगळं ती टिपून ठेवते. मग देशभरातल्या कोट्यवधी घरांतल्या टिकल्यांशी ते ताडून पाहते आणि आपला रंग ठरवते. हिरवी म्हणजे ही वस्तू येत्या वर्षभरात वापरली जाणार. पिवळी म्हणजे सांगता येत नाही. लाल म्हणजे वर्षभर हिला कुणी हात लावणार नाही, खुशाल देऊन टाका.

"लाल म्हणजे टाका? शुभ रंगाला असं वागवतात होय!" हेमांगीबाई तेव्हा फणकारल्या होत्या. पण पहिल्याच महिन्यात सातशे वस्तू घराबाहेर गेल्या आणि त्यांना रात्री शांत झोप लागू लागली. शास्त्रज्ञांनी याचं कारणही सांगितलं होतं. डोळ्यांसमोरची प्रत्येक वस्तू मेंदूला एक प्रश्न विचारत असते, मला ठेवायचं की काढायचं? दिवसाला असे हजारो प्रश्न, आणि उत्तर एकाचंही नाही. यातून जो शीण येतो त्याला त्यांनी 'साठवणताण' असं नाव दिलं. टिकलीने तो प्रश्नच काढून घेतला. घराघरांतले रक्तदाब उतरले, सासवा-सुनांची भांडणं कमी झाली, दसऱ्याची आवराआवर अर्ध्या तासात होऊ लागली. खोटं कशाला बोला, लोक सुखी झाले.

कापडणीस तर फारच. हेमांगीबाई एकोणसत्तर वर्षांच्या, तुषारराव त्र्याहत्तर. मुलगी पुण्याला, तिचं तिचं छान चाललेलं. दोघांची तब्येत ठीक. तुषाररावांमध्ये अलीकडे थोडा चक्रमपणा आला होता, तेवढंच. भर वैशाखात हा गृहस्थ बायकोची जांभळी शाल पांघरून गॅलरीत बसला. घामाच्या धारा लागलेल्या.

"अहो, वेड लागलंय का? लोक हसतील!"

"सहजच गं," तुषारराव म्हणाले.

मग भर आषाढात चकलीचा सोऱ्या काढून त्यांनी चकल्या पाडल्या. त्या इतक्या कडक झाल्या की कबुतरांनीसुद्धा तोंड लावलं नाही. वीज गेलेली नसताना एकदा दिवाळीच्या पणत्यांचा डबा उघडून चार पणत्या लावल्या. दर महिन्याला हेमांगीबाईंची पैठणी काढायची, तिची घडी मोडून नवी घडी घालायची, हा तर नियमच झाला. म्हणे एकाच घडीवर राहिली तर जरीचा काठ चिरतो. चाळीस वर्षांत ज्या माणसाला स्वतःचा रुमाल घडी करता आला नाही, तो हे सांगत होता! विचारलं की एकच उत्तर, सहजच. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून हेमांगीबाईंनी सोडून दिलं.

ऑक्टोबरात, दिवाळीला तीन आठवडे असताना, त्यांनी गरम कपडे उन्हात टाकायला काढले. तुषाररावांचा तपकिरी स्वेटर झटकायला घेतला आणि त्या थबकल्या. कॉलरच्या आतली टिकली लाल होती. त्यांनी कानटोपी पाहिली. लाल. कपाटाच्या वरच्या फळीवर दुर्बीण होती. ती गळ्यात अडकवून तुषारराव दर थंडीत दोन-दोन दिवस नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघत बसायचे. तीही लाल.

हेमांगीबाई तिथेच पलंगावर बसल्या. स्वेटर जुना झाला, नवा घेतील, हे ठीक. पण तिन्ही वस्तू एकदम? तिन्ही थंडीतल्या? या माणसाला थंडी वाजणार नाही, पक्षी बघायचे नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा? जो अर्थ निघत होता तो त्यांना मनातसुद्धा उच्चारवेना. स्वेटर, कानटोपी आणि दुर्बीण त्यांनी गादीखाली दडपली.

पुढचे आठ दिवस तुषाररावांची चंगळ झाली. रोज दुपारी गरम थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी ब्र नाही. बातम्यांचा आवाज वाढवला तरी ब्र नाही.

"काय गं हेमा, माझा वाढदिवस आहे का?" तुषारराव बोटं चाटत म्हणाले.

"खा ना मुकाट्याने," हेमांगीबाई म्हणाल्या आणि कांदा नसताना डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

नवव्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. भाजी आणते असं सांगून त्यांनी थेट टिकली कंपनीचं कार्यालय गाठलं. दर बुधवारी तिथे डॉ. आर्वी सोनजे लोकांच्या शंका ऐकायला बसत. टिकलीचं गणित मांडणाऱ्यांपैकी त्या एक. वय जेमतेम छत्तीस, केस वर बांधलेले, टेबलावर डबा उघडाच.

"बसा काकू. पोळी-भाजी खाणार? बाबांनी केलीय, मीठ कमी असेल."

"मला गिळवत नाहीये बाळा. तू मला एवढंच सांग, माझ्या नवऱ्याला किती दिवस राहिले?"

आर्वीने डबा बाजूला सरकवला. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काकू, टिकलीला मरण कळत नाही. तिला फक्त वापर कळतो. वापर दहा कारणांनी थांबतो. आवड बदलते, गुडघे दुखतात, माणूस मुलाकडे राहायला जातो. तुम्ही घाबरू नका. तुमच्या घराची नोंद बघूया का? इथे अंगठा ठेवा."

पडद्यावर रांगाच्या रांगा उमटल्या. टिकली नाव ओळखत नाही, फक्त हात ओळखते, हे आर्वीने समजावून सांगितलं. हेमांगीबाई म्हणजे 'हात एक', तुषारराव 'हात दोन'.

"हे बघा. हात दोनची पकड उत्तम आहे, तिशीतल्या माणसासारखी. काका ठणठणीत आहेत. स्वेटर लाल झाला कारण त्यांनी तो घालणंच सोडलंय. दहा फेब्रुवारीपासून ते शाल पांघरतात. जांभळी शाल त्यांचीच ना?"

"माझी आहे ती."

"आणि दुर्बीण लाल झाली, कारण फेब्रुवारीपासून ते एकही दिवस घराबाहेर मुक्कामाला गेलेले नाहीत. पुढेही जातील असं दिसत नाही."

हेमांगीबाईंच्या जिवात जीव आला. त्यांना हसूसुद्धा आलं. या माणसापायी आठ दिवस लोणी घुसळलं आपण! घरी गेल्यावर टॉवेलवरून चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण आर्वी हसत नव्हती. ती पडद्यावर मागे मागे जात होती आणि दहा फेब्रुवारीला येऊन थांबली. तिने घाईने पडदा बंद करायला हात नेला.

"बंद करू नकोस गं," हेमांगीबाई म्हणाल्या. "काय आहे त्या दिवशी?"

"काही नाही काकू."

"माझं घर आहे ते. सांग."

आर्वीने चष्मा काढून ठेवला. "त्या दिवशी पहाटे तुमच्या घरातल्या चार टिकल्या एकदम लाल झाल्या. शाल, सोऱ्या, पणत्यांचा डबा आणि पैठणी. चारही हात एकच्या. वीस मिनिटांनी हात दोनने कपाट उघडलं, बहुतेक स्वेटर घ्यायला. स्वेटर घेतलाच नाही. शाल उचलली. मग तेव्हापासून एकेक वस्तू हातात धरून, वापरून..."

"हिरवी केली," हेमांगीबाई म्हणाल्या.

वैशाखातली शाल त्यांना आता कळली. आषाढातल्या चकल्या कळल्या. चारही वस्तू दिवाळीच्या आणि त्यानंतरच्या थंडीच्या. त्याच फेब्रुवारीत तुषाररावांनी विम्यात फुकट आहेत म्हणून बायकोच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले काहीही नाही, काकू शंभरी गाठतील, आणि बाहेर येऊन तुषारराव त्या दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते. पायाला मुंग्या आल्यात म्हणाले. खोटारडा मेला!

"टिकली चुकते का गं?"

"शंभरात नऊ वेळा." आर्वी अडखळत बोलत होती. "काकू, हे आम्हालाही उशिरा कळलं. हाताची पकड, उचलण्याचा वेग, यांत फार बारीक फरक पडतात. डॉक्टरांना दिसायच्या कितीतरी आधी. टिकलीला ते दिसतं, पण त्याचा अर्थ तिला कळत नाही. ती फक्त वस्तूला रंग देते. शहरात आता दोनशे बारा घरं अशी आहेत की जिथे एकही टिकली लाल राहत नाही. कंपनी त्यांना 'पूर्णहिरवं घर' म्हणून प्रशस्तिपत्र देते. ती घरं अशी का आहेत, हे मला ठाऊक आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही."

टेबलावरचा चष्मा तिने पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आर्वी म्हणाली, "एक करता येईल. काकांच्या हाताच्या नोंदी वगळून मी गणित पुन्हा मांडू शकते. मग कळेल की टिकली तुमच्याबद्दल आज काय म्हणते. फेब्रुवारीत नाही, आज. कदाचित हिरवी होईल. दोन मिनिटांचं काम आहे."

हेमांगीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. भीती वाटली, खोटं नाही. हो म्हटलं तर दोन मिनिटांत सुटका, नाहीतर दोन मिनिटांत सगळं संपलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पिशवी उचलली.

"नको बाळा. डोक्याला शीण नको म्हणून तर टिकल्या आणल्या. सातशे वस्तू मी घराबाहेर काढल्या. आता ही एक घरात नेऊन ठेवायची कुठे? राहू दे ती तुझ्याकडेच."

"पण काकू, काकांना सांगाल का, की तुम्हाला कळलंय?"

"छे! नऊ महिने चोरून केलंय बिचाऱ्याने. त्याची मजा कशाला घालवू?" त्या हसल्या, आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "जेवून घे तू. बापाने केलंय, टाकू नकोस."

घरी तुषारराव शाल पांघरून पेपर वाचत होते. हेमांगीबाईंनी गादीखालून तपकिरी स्वेटर काढला, झटकला आणि साडीवर चढवला. बाह्या बोटांच्याही पुढे आल्या.

"अगं, तो लाल झालाय बहुतेक," तुषारराव म्हणाले. "मी तो घालत नाही हल्ली."

"असू दे. मला थंडी वाजतेय."

"ऑक्टोबरात?"

"सहजच," हेमांगीबाई म्हणाल्या.

तुषाररावांनी पेपर खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, स्वतःच्या अंगावरच्या शालीकडे पाहिलं. हेमांगीबाई कानटोपी घालून त्यांच्या शेजारी बसल्या आणि दुर्बिणीतून समोरच्या तारेवरचा कावळा बघू लागल्या. मग दोघांना एवढं हसू आलं की तुषाररावांना ठसका लागला. पाणी आणायला हेमांगीबाई उठल्या आणि जाताना त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर टपली मारली.

दिवाळी आली. हेमांगीबाईंनी चकल्या केल्या, पैठणी नेसल्या, पणत्या लावल्या. लक्ष्मीपूजनाला तुषारराव फोटो काढायला उभे राहिले आणि बायकोकडेच बघत राहिल्यामुळे एकही फोटो धड आला नाही. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं. त्यांच्या घराला शहरातलं दोनशे तेरावं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर सही डॉ. आर्वी सोनजे यांची.

त्याच आठवड्यात आर्वीच्या टेबलावर चकल्यांचा एक डबा आला. वर चिठ्ठी होती. 'या शंभरातल्या नऊंच्या चकल्या आहेत असं समज. बाबांनाही दे. काकू.' आर्वी चिठ्ठी वाचून रडली आणि हसलीही. टिकली चुकली, याचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. ती त्या दिवशी लवकर निघाली.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून गॅलरीत होतं. हवा अगदी कोरडी, आभाळ निरभ्र. बाबा तिला पाठमोरे उभे होते, कुंड्यांना पाणी घालत. अंगात तिचा पिवळा रेनकोट होता.

"बाबा?" आर्वी म्हणाली. चकल्यांचा डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता. "नोव्हेंबर आहे. रेनकोट कशाला?"

बाबा दचकून वळले. मग हसले.

"सहजच गं," ते म्हणाले.