विरळणी

चांद्रतळावरच्या वैद्यकीय खोलीत डॉ. फरीदा मुल्ला यांनी एकाच नमुन्याची चाचणी तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हा त्यांनी यंत्रावरचा संशय सोडला.

तळावर बावीस माणसं होती, त्यांत नऊ बायका. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीचा बीजसाठा मोजायचा, म्हणजे तिच्या शरीरात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज घ्यायचा, हा तिथला नियम होता. चंद्राला हवेचं पांघरूण नाही. अवकाशातले किरण तिथे थेट अंगावर येतात, आणि स्त्रीची बीजं त्या माऱ्यात फार लवकर मरतात. आठ जणींचे आकडे अपेक्षेप्रमाणे खाली गेले होते. नववीचाही गेला होता, पण खाली जाऊन तो जिथे थांबला होता ती जागा बघून फरीदाबाई विचारात पडल्या होत्या.

ही नववी म्हणजे शरयू चौगुले. वय छत्तीस, मूळची गडहिंग्लजची. तळावरच्या माणसांना श्वास पुरवणारी शैवालकुंडं तिच्या ताब्यात होती. फरीदाबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि शेवटची पाळी कधी आली ते विचारलं.

शरयूला चटकन सांगता येईना. "मागच्या महिन्यात आली होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "त्याच्या आधीच्या महिन्यातही आली होती." आणि हे बोलल्यावर तिने बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

कारण शरयूच्या आयुष्यात असं कधी घडलंच नव्हतं. तिची पाळी पन्नास दिवसांनी यायची, कधी सत्तर, कधी पार तीन महिने गायब. लग्नानंतर दोन वर्षांनी कोल्हापुरात सोनोग्राफी झाली तेव्हा पडद्यावर काळे ठिपकेच ठिपके दिसले, आणि डॉक्टरांनी पीसीओएस हे नाव सांगितलं. बीजं खूप आहेत पण एकही पिकत नाही, असं त्यांनी समजावलं. शरयूला त्यातलं 'बीजं खूप आहेत' हे ऐकूच आलं नाही. ती बाहेर येऊन चपला शोधत राहिली, आणि चपला तिच्या पायातच होत्या.

मग सहा वर्षं त्यातच गेली. गोळ्या झाल्या, साखर सुटली, भात सुटला, पहाटेचं चालणं झालं. हनुवटीवर येणारे राठ केस ती तिचा नवरा मकरंद उठायच्या आत काढून टाकायची. त्याला ते ठाऊक होतं आणि तो मुद्दाम उशिरा उठायचा. पाळी लांबली की दर वेळी आशा लागायची. पाळी तर नेहमीच लांबायची, त्यामुळे आशाही नेहमीच लागायची आणि नेहमीच मोडायची. शेवटी प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचं ठरलं. त्या इंजेक्शनांनी सगळे ठिपके एकदम फुगले, पोटात पाणी झालं, नऊ दिवस ती दवाखान्यात होती. घरी आल्यावर मकरंद म्हणाला की आता पुरे. तो गडहिंग्लजच्या हायस्कुलात गणित शिकवायचा, फार बोलणारा माणूस नव्हे. त्याने तेवढंच सांगितलं आणि फायली माळ्यावर टाकल्या.

चांद्रतळाची जाहिरात त्यानंतर दोन महिन्यांनी आली. चाळिशीच्या आतल्या बाईने एका कागदावर वेगळी सही करायची होती: तिथे राहिल्याने बीजसाठा संपू शकतो, हे मला मान्य आहे. इतर बायका त्या कागदापाशी अडखळत. शरयूने मात्र घाईने सही केली. मकरंदने तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि एकच विचारलं, "हे तू वैतागून करतेस की हौसेने?" ती म्हणाली, दोन्ही. तेवढ्यावर तो तिला प्रशिक्षणकेंद्रात सोडायला गेला.

चंद्रावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने दिवस मोजायचे सोडून दिले. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते काही चंद्रावर वजन कमी भरतं म्हणून नव्हे.

हे सगळं फरीदाबाईंना तिच्या नोंदींमधून माहीत होतं. त्यांनी तिला समोर बसवलं आणि पाच महिन्यांपूर्वीच्या सौरवादळाची आठवण करून दिली. सूर्यावरून कणांचा लोंढा आला तेव्हा सगळे जमिनीखालच्या कवचकक्षात पळाले होते. शरयू मात्र एका कुंडाची झडप अडकली म्हणून चाळीस मिनिटं वरच राहिली होती. तिच्या किरणमापकाने इतरांच्या सहापट मारा नोंदवला होता.

"ते मला माहीत आहे. म्हणजे माझा साठा संपला, एवढंच ना?" शरयू म्हणाली.

"संपला नाही. बेताचा झाला." फरीदाबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "नीट ऐक. प्रत्येक बीज एका बारीक पिशवीत असतं, बीजपुटकात. त्यातली काही दर महिन्याला थोडी वाढतात, आणि वाढताना प्रत्येक पिशवी एक रोधक रस सोडते. भोवतीच्यांना ती सांगत असते, तुम्ही थांबा. बाकीच्या बायकांत अशी दहा-पंधरा असतात. रस थोडा, त्याला न जुमानता एखादं पुढे जातं आणि पिकतं. तुझ्यात साठ-सत्तर होती. सगळी एकमेकांना थांबा म्हणत होती आणि सगळीच थांबली होती."

शरयू वनस्पतिशास्त्रातली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "मुळा दाट पेरला की नुसता पाला येतो," ती हळू म्हणाली. "मुळा धरत नाही. विरळणी करावी लागते."

"झाली तुझी विरळणी. आता एकोणीस आहेत."

शरयूने विचारलं, हा योगायोग तर नाही ना. फरीदाबाई म्हणाल्या, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असं हे नाही. पूर्वीचे सर्जन अंडाशयाचा थोडा भाग जाळून हेच करत. वय वाढलं की गर्दी आपोआप कमी होते, म्हणून पीसीओएस असलेल्या कितीतरी बायकांची पाळी चाळिशीकडे सुधारते. वादळाने ते काम चाळीस मिनिटांत केलं. "पण किरणांना औषध समजू नकोस," त्या म्हणाल्या. "आंधळ्याने भिरकावलेला दगड आंब्याला लागला आहे. डोक्यालाही लागू शकला असता. पुढे तब्येतीवर लक्ष ठेवावंच लागेल तुला."

आणि खरी अडचण त्यांनी नंतर सांगितली. वादळाच्या वेळी जी बीजं वाढीला लागली होती, त्यांना इजा झालेली असणार. ती सगळी निघून जायला अजून निदान तीन महिने हवेत, तोवर मूल होऊ देणं धोक्याचं. परतीचं यान सात महिन्यांनी. आणि तोपर्यंत रोजचा साधा मारा तर चालूच राहणार. साठा ज्या उतारावरून मधल्या पायरीवर आला, त्याच उतारावरून तो पुढे घसरणार. सात महिन्यांनी एकोणीसचे पाच उरणार होते, कदाचित दोन.

शरयू खोलीतून बाहेर पडली ती थेट कुंडांकडे गेली. पाईप पुसत बसली. मनात आनंद नव्हता, रागच होता. सहा वर्षं विनवण्या केल्या तेव्हा काही मिळालं नाही, आणि आता विसरून बसले तर दार उघडतं, तेही हळूहळू मिटत जाणारं. तिने मकरंदला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी बोलत होती, शाळेतल्या गमती ऐकत होती, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करत होती. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिने सगळं सांगून टाकलं, आकड्यांसकट.

मकरंदने आकडे उतरून घेतले, गणिताच्या मास्तराला ते सुटणार नव्हतं. मग पेन खाली ठेवून त्याने विचारलं, "सांगायला इतके दिवस का लागले?"

"तुझा चेहरा पुन्हा तसा होईल म्हणून."

"कसा?"

"आनंद झाल्यासारखा. मला तो उतरताना बघवत नाही, मकरंद."

त्याने आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "झाला तर होऊ दे. उतरला तर उतरेल. माझा चेहरा सांभाळायला तू चंद्रावर गेलेली नाहीस." आणि मग त्याने हिशेबी आवाजात विचारलं की मारा कमी होईल अशी तळावर एखादी जागा आहे का.

जागा होती. चार मीटर चांद्रमातीखाली पुरलेला कवचकक्ष. वादळापुरता बांधलेला, एरवी त्यात सुकवलेल्या अन्नाची पोती असत. फरीदाबाईंनी तळप्रमुख तिरुमलाई यांना शरयूच्या परवानगीने सगळं सांगितलं. ते एकदम अवघडले. बायकांच्या दुखण्याबद्दल कसं बोलावं हे त्यांना कळेना. मग म्हणाले, पोती हलवू, आणि कुंडांचं काम वाटून घेऊ.

शरयू खाली राहायला गेली. तिच्या वाट्याला कोपऱ्यातली सात फूट बाय दहा फूट जागा, खिडकी नाही. नोंदी ठेवणं, मिश्रणांचे हिशोब, सूचना देणं, एवढं काम ती तिथून करी. वरचं काम बबन शेडगे नावाच्या यंत्रचालकाकडे आलं. पन्नाशीचा, साताऱ्याकडचा माणूस, शैवालाला तो शेवटपर्यंत शेवाळंच म्हणत राहिला. दिवसातून वीस वेळा तो विचारी: ताई, आज हिरवं जरा पिवळट दिसतंय, काय घालू? एकदा त्याच्या हातून एक कुंड नासलं. त्याने ते दोन दिवस लपवलं आणि तिसऱ्या दिवशी कबूल केलं. त्याच्या बायकोलाही मूल नव्हतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. नंतर तो विषय त्याने कधी काढला नाही.

फरीदाबाई दर महिन्याला खाली उतरून रक्त घेत. एकोणीसचे अठरा झाले, सतरा झाले. पाळी एकोणतीस दिवसांनी येत राहिली. सात महिन्यांनी यानात बसताना आकडा सोळा होता. वाटेतल्या माऱ्याने दोन गेले. पृथ्वीवर ती चौदा घेऊन उतरली.

पुढचं सरळ घडलं, पण लगेच नाही. पहिले दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात पाळी पाच दिवस लांबली, तेव्हा शरयूने त्याकडे लक्षच दिलं नाही. जन्मभर जिला उशिराचीच सवय, तिला उशीर ही बातमी वाटेना. मकरंदनेच आठव्या दिवशी विचारलं. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तरी ती म्हणाली, पट्टी जुनी असेल. त्याने दुसरी आणली. मग ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून खूप रडली, आणि तो तिच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसून राहिला.

मुलगी झाली. रोहिणी. डॉ. फरीदा चंद्रावरून परतल्यावर तिला बघायला गडहिंग्लजला आल्या, आणि बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी खरं ते सांगितलं: पीसीओएस आईकडून मुलीकडे जातं. हिलाही असण्याची शक्यता बरीच आहे. शरयूने मान हलवली. तेव्हापासून मनातल्या एका कोपऱ्यात ती मुलीचं निदान होईल त्या दिवसाची वाट बघत राहिली.

तेवीस वर्षं गेली. फरीदाबाईंनी पुढे अवकाशात राहून आलेल्या शेकडो बायकांचे आकडे जमवले. शरयूचं नाव न घेता तिची नोंद त्यांत पहिली होती. निष्कर्ष साधाच होता आणि कुणाच्या लक्षात आला नव्हता: ज्या बाईचा साठा दाट, तिचाच लांबच्या प्रवासाला पुरतो.

रोहिणी यंत्रअभियंता झाली. एका दुपारी ती कोल्हापूरहून घरी आली. हातात तपासणीची फाईल होती आणि पेढ्यांचा पुडा. शरयूने आधी फाईल उघडली. तिने सोनोग्राफीचा फोटो बघितला आणि पहिली ओळ वाचली. इतक्या वर्षांत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं, की यात तुझा दोष नाही, की मूल नसलं तरी तू पुरी आहेस, ते तिच्या ओठांवर आलं.

"आई, पेढा घे ना," रोहिणी म्हणाली.

"कसला पेढा, बाळ? वाचलंस ना तू हे?"

"वाचलं. म्हणून तर आणले." ती आईच्या पायाशी बसली. "मंगळावरच्या वसाहतीसाठी माझी निवड झाली. आता नियमच आहे, ज्यांना हे आहे त्यांना आधी घेतात. बाकीच्या मुलींचा साठा वाटेतच संपतो. माझा तिथे पोचेपर्यंत बरोबर बेताचा होईल. तिथे वस्ती वाढायची तर मुलं व्हायला हवीत, आणि ती आम्हालाच होतील."

शरयूने फाईल मिटली. प्रवासच विरळणी करणार होता, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरंही तिला समजलं होतं. वसाहतीतून परतीचं यान नसतं.

तिने रोहिणीच्या केसांतून हात फिरवला. साखर तपासत जा म्हणाली, चालणं सोडू नकोस म्हणाली. मग पुड्यातला पेढा घेऊन अर्धा तिच्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला.

"तुला मूल झालं की मला दाखव," ती म्हणाली. "माझं बोलणं त्याला ऐकव."

"तिथून उत्तर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, आई."

"लागू दे," शरयू म्हणाली. "वाट बघायचं मला येतं."