चार वाजून दहा मिनिटांची नोंद

वॉशिंग्टनमध्ये सकाळी साडेनऊपासून एक सिनेटर सभागृहाच्या दाराशी आतल्या बाजूने उभे होते. नऊ चाळीसला त्यांना संतापून बाहेर पडायचं होतं आणि संताप अजून पुरेसा चढला नव्हता.

'दिनपटा'त तसं लिहिलं होतं. दिनपट म्हणजे सगळी सरकारी पत्रं, भाषणं, फोन चाळून आज राजकारणात आणि परराष्ट्र व्यवहारात काय घडणार याची यादी सकाळी सहाला देणारं यंत्र. तीन वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. चुकणार कसं, यादी सगळेच वाचत. मागच्या आठवड्यात 'सव्वाअकराला कृषिमंत्र्यांची कॉफी सांडेल' असं आलं, तेव्हा मंत्रिमहोदयांनी घड्याळ बघून, बेताने, ती स्वतःच्या पँटवर ओतली होती.

ही यादी खात्याखात्यांना पाठवायचं काम रेवती धारपचं. आजची शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. 'दुपारी ४:१० – आखातातल्या आपल्या युद्धनौकेला क्षेपणास्त्रं सोडण्याचा आदेश.' त्याखाली कोरं. एरवी यादी मध्यरात्रीपर्यंत जाई.

त्या युद्धनौकेवर तिचा धाकटा भाऊ शार्दूल डॉक्टर होता.

तिने आपल्या वरिष्ठांना, उमाकांत साळवींना गाठलं. साळवी मूळचे चिपळूणचे, तीस वर्षं इथे. त्यांनी सांगितलं की वर चौकशी करून झाली; युद्ध कोणालाच नकोय आणि त्याचं कारणही कोणाला ठाऊक नाही. कारण शोधायला एक समिती नेमली आहे.

"मग आदेश देऊ नका म्हणावं ना, साळवीकाका."

"अगं, यादीत आहे ते. द्यायचा नसेल तर तसं यादीत यायला हवं."

तीनला समितीचा अहवाल आला. कारण सापडलं नाही, तरी आदेश वेळेवर द्यावा. साडेतीनला शार्दूलचा फोन. ताई, सगळ्यांना घरी फोन करून घ्यायला सांगितलंय, बाकी मजेत, आज जेवणात आइस्क्रीमसुद्धा दिलं. आइस्क्रीमचं ऐकून तिला जास्तच भीती वाटली.

चारला ती यंत्रासमोर बसली. दोनदा अक्षर चुकलं. '४:०९ – अध्यक्षांचा विचार बदलेल, आदेश रद्द होईल.' तिने सुधारित यादी सगळीकडे पाठवली.

चार वाजून नऊ मिनिटांनी अध्यक्षांचा विचार बदलला.

तिच्या खोलीच्या काचेपलीकडे टाळ्या सुरू झाल्या. साळवी यादी छापून घेऊन आले आणि दार लावून घेतलं. यंत्र प्रत्येक नोंदीला आपला क्रमांक देतं, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. तिच्या ओळीला क्रमांक नव्हता.

"तुझं मी कोणाला सांगणार नाही," ते म्हणाले. मग त्यांचं बोट एक ओळ खाली सरकलं. "पण हिलाही नाहीये बघ."

क्षेपणास्त्रांची ओळ यंत्राची नव्हतीच. ती कुठून आली हे त्यालाही कळलं नसावं, म्हणून त्याने ४:१० नंतरचा दिवस कोरा सोडला होता.

यादीत लिहिण्याची मुभा इमारतीत चाळीस जणांना होती. रेवतीने काचेतून पाहिलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. यांतला कोण उद्याचा दिवस लिहायला घेईल?