समोशाच्या जागी केळं

“पडदा उघडेपर्यंत कुणाला अक्षर सांगायचं नाही हं, सुनंदा. अगदी मलासुद्धा नाही!”

शेजारच्या नलिनीचं ते बोलणं सुनंदा डबीरला आठवलं, तेव्हा ती महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर बसली होती. समोर रत्नप्रभा केतकर होत्या. शांत चेहऱ्याच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. खाजगी तपासाचं काम करणारी बाई अशी असेल असं सुनंदाला वाटलं नव्हतं. बाजूला त्यांचे धाकटे दीर प्रभाकर वही उघडून तयार होते.

“प्राचार्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय,” सुनंदा म्हणाली. “नाहीतर बारावीचा निरोप समारंभ रद्द, आणि अकरावीतल्या बाळूचं नाव शाळेतून कमी.”

“बाळूनं केलं काय?”

“काही नाही हो! आमच्या शाळेत अकरावीची मुलं बारावीला निरोप देतात. त्यात एक प्रहसन आहे, सगळ्या शिक्षकांच्या नकलांचं. बाळू झालाय चतुर्वेदी सर, म्हणजे आमचे प्राचार्य. सर शिस्तीवर भाषण देतात आणि देता देता समोसा खातात. खरोखर खातात, सगळ्या शाळेला ठाऊक आहे. त्यांनी स्वतः परवानगी दिली होती. आणि आज मला आत बोलावून, दार लावून म्हणाले, ‘मॅडम, मुझे बंदर बना दिया? स्टेज पर केला छीलकर?’”

“केळं?”

“आमच्या प्रहसनात केळं कुठेच नाही! सांगणाऱ्यानं चक्क खोटं सांगितलंय. सर नाव सांगत नाहीत, शब्द दिलाय म्हणतात. एवढंच म्हणाले की, आपल्यातलंच कुणीतरी.”



“केळ्याचं आणखी कुणाला बोललात?”

“नाही. शाळेतून निघाले ती थेट इथं आले.”

“मग बोलू नका,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “भावजी, उद्या स्कूटर काढा. पिपलानीला, कारखान्याच्या वसाहतीत जायचंय.”

“वहिनी, सरळ आहे,” प्रभाकर म्हणाले. “खोटं बोलणारा शोधायचा.”

“बघू या. खोटंच असेल, असं कुठंय?”

*

शुक्रवारी सकाळी दोघं सुनंदाच्या क्वार्टरवर आली. पाठोपाठ शेजारच्या दारातून चहाची किटली आणि चिवड्याची बशी घेऊन नलिनी हजर. दोघींच्या घरांत एकच भिंत. लग्न होऊन एकाच वर्षी दोघी या वसाहतीत आल्या, एकाच शाळेत लागल्या. गेल्या वर्षापर्यंत निरोप समारंभ नलिनीच बसवायची. यंदा प्राचार्यांनी सुनंदाला सांगितलं.

“तुम्ही तालमी पाहिल्या असतील?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“छे! यंदा हॉलचा उंबरठासुद्धा ओलांडला नाही मी. मीच बजावलं होतं हिला, काही सांगू नकोस. माझी वंदना बारावीत ना, घरात कळलं की तिला कळणार. मग गंमत काय राहिली?” नलिनीनं पदरानं डोळे टिपले. “आता पोरीची साडी इस्त्री करून ठेवलीय आणि समारंभाचाच पत्ता नाही. आणि तो बाळू! चतुर्थीच्या दिवशी उपाशीपोटी नाचलं हो ते लेकरू, आणि त्याचंच नाव काढायला निघालेत.”

“प्रहसन लिहिणाऱ्या सुशीला मोघे असतात ना तालमीला? त्या काही बोलल्या तुमच्याशी?”

“ती? दिवाळीपासून आमचं बोलणं नाही. समोरून आली तर मी रस्ता बदलते.”

नलिनी गेल्यावर सुनंदा म्हणाली, “ही आहे म्हणून मी तग धरून आहे.”

प्रभाकरांनी चिवडा संपवत मान डोलावली. रत्नप्रभाबाईंनी चहा तसाच ठेवला होता.

*

तालमी वसाहतीच्या क्लबच्या हॉलमध्ये होत. सुनंदा दोघांना तिथे घेऊन गेली. दिव्यांचं काम सुरेश बोंडेकडे होतं. कारखान्यातला वायरमन, मूळचा वर्ध्याचा.

“प्रहसनात प्राचार्य काय खातात हो?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“समोसा! अन् तालीम झाली की उरलेला समोसा माहा. रोजचा हिशोब हाय आपला,” शिडीवरूनच तो म्हणाला. “फक्त बुधवारी धोका झाला, मॅडम. बाळूच्या हातात केळं. म्या म्हटलं, काय कंजूस लोक हायत! समोसा बी परवडत नाय?”

सुनंदा चमकली. बुधवारी ती बोर्डाच्या बैठकीला गेली होती. प्रभाकर आनंदानं पुटपुटले, “सापडला! समोसा बुडाला म्हणून यानंच—”

“भावजी, चला.”

सुशीला मोघे हिंदीच्या शिक्षिका. प्रहसन त्यांनीच लिहिलेलं, एकही तालीम चुकवलेली नव्हती. केळ्याचा विषय निघताच त्यांनी आवाज खाली आणला.

“बुधवारी संकष्टी होती ना. मी समोसा दिला, तर बाळू म्हणाला, ‘मॅडम, आज माझा उपास आहे.’ आई आजारी आहे त्याची, तिच्यासाठी धरलाय. तिला कळलं तर सोडायला लावेल, म्हणून घरीही सांगितलेलं नाही. मग त्याच्याच डब्यातलं केळं घेतलं. आम्ही पाच-सहा जणांनी शपथ घेतली कुणाला न सांगायची. तुम्हालाही नाही सांगितलं, सुनंदाताई, रागावू नका.”

“सुरेशला ठाऊक होतं?”

“तो वर दिव्यांत गुंतलेला. त्याला कुठलं?”

“आणि हॉलमध्ये आणखी कोण होतं?”

“कोण जाणे. मागचं दार उघडंच असतं. मागे अंधारात कुणी बसलं, तर स्टेजवरून दिसत नाही.”

रत्नप्रभाबाई सुनंदाकडे वळल्या. “बाळूला भेटा. प्राचार्यांना उपासाचं सांगायची त्याची परवानगी घ्या. आणि दुपारी तुमच्या घरी सगळे या. नलिनीताईसुद्धा.”

*

दुपारी सुनंदाच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. नलिनी सुनंदाला चिकटून बसली होती.

“सुनंदाताई समजत होत्या की कुणी खोटं सांगितलं,” रत्नप्रभाबाईंनी सुरुवात केली. “पण प्राचार्यांना जे सांगितलं, ते घडलं होतं. फक्त एकदा. बुधवारी बाळूनं केळं खाल्लं, कारण त्याची संकष्टी होती. मराठी घरात उपासाला केळं पाहून कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. पण चतुर्वेदी सरांना ती संकष्टी ठाऊक नाही. त्यांना ‘केळं’ म्हटलं की माकडच दिसणार.”

“म्हणजे सुरेश!” प्रभाकर म्हणाले.

“सुरेशभाऊ रोज येत होते. प्रहसनात समोसा आहे आणि केळं एका दिवसाचं, हे त्यांना पक्कं माहीत. सुशीलाताईंना आणि मुलांनाही. यांपैकी कुणी चुगली केली असती, तर समोशाचं सांगायचं राहिलं नसतं. सरांना फक्त केळं कळलं. याचा अर्थ, सांगणाऱ्यानं ती एकच तालीम पाहिली. मागच्या दारानं, अंधारातून.”

रत्नप्रभाबाई सुनंदाकडे वळल्या.

“मी केळ्याचा शब्द काढला नव्हता. पण सकाळी एकीनं आपणहून सांगितलं, बाळू चतुर्थीला उपाशी नाचला. त्याचा उपास त्याच्या आईलासुद्धा ठाऊक नाही. सुरेशभाऊंना ते कंजुषी वाटलं. मुलांनी शपथ घेतलेली. सुशीलाताईंशी तिचं बोलणं नाही. मग उंबरठा न ओलांडणाऱ्या बाईला हे कळलं कुठून?”

सुनंदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या दंडाला टेकलेला नलिनीचा हात हळूच मागे सरकला.

“नलिनी?”

“एकदाच गेले,” नलिनी खाली बघत म्हणाली. “बघायला, की माझ्याविना कसं चाललंय. छान चाललं होतं. मुलं हसत होती. कुणाला माझी आठवणही नव्हती.”

“उपासाचं केळं आहे हे तुला ठाऊक होतं.”

“होतं. बाळू सुशीलाला सांगत होता, ते ऐकलं मी.”

“तरी सरांना सांगितलंस?”

“केळं खातो, एवढंच सांगितलं. का खातो ते नाही सांगितलं.” नलिनीचा आवाज चिरका झाला. “तू एकदा तरी म्हणायचंस सरांना, नलिनीशिवाय मी करणार नाही म्हणून! नोटीस बोर्डावर वाचलं मी. तुझ्या तोंडून नाही.”

“मग माझ्याशी भांडायचं होतंस, नलू. भिंतीपलीकडे तर होते मी. त्या पोराचं नाव कमी झालं असतं गं.”

नलिनी उठली. किटली उचलायला वाकली, तशीच सोडली, आणि निघून गेली. प्रभाकरांनी बशी हातातून खाली ठेवली.

*

संध्याकाळी सुनंदा आणि रत्नप्रभाबाई प्राचार्यांकडे गेल्या. बाळू सोबत होता. उपासाची गोष्ट ऐकून चतुर्वेदी सर खुर्चीवरून उठले. मग बाळूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “कल समोसा ही खाना, बेटा. गरम वाला.” कुणी सांगितलं होतं, ते ना त्यांनी उच्चारलं, ना सुनंदानं.

शनिवारी दुपारी सुनंदा समारंभाला निघायच्या तयारीत होती. रात्रभर भिंतीपलीकडून भांड्याचासुद्धा आवाज आला नव्हता. दारावर टकटक झाली. वंदना उभी होती. डोळे सुजलेले, हातात घडी केलेली निळी साडी.

“मावशी, आईनं सगळं सांगितलं मला. ती सकाळपासून उठलीच नाहीये.” ती अडखळली. “तुम्ही म्हणाला होतात, पहिली साडी तुम्ही नेसवाल. प्रॉमिस केलं होतं. पण आता… राहू दे ना. मी सलवार-कमीज घालून जाते.”

सुनंदानं तिच्याकडे पाहिलं. हनुवटी थेट नलिनीची होती. 

“इथे नको,” ती म्हणाली. “तुझ्या घरात मोठा आरसा आहे.”

तिनं कपाटातून पिनांची डबी घेतली, चपला पायात सरकवल्या, आणि शेजारच्या दाराकडे चालू लागली.